दिवा घालवू नको, आधी त्याला विचार

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. “ताई, गाडीचा तो पिवळा दिवा परत लागला गं,” एवढंच म्हणालीस आणि गप्प झालीस. तुझं हे गप्प होणं मला तू दोन वेण्या घालायचीस तेव्हापासून ठाऊक आहे. रडू आवरत होतीस. पाटल्या गहाण टाकून जुनी पिकअप घेतलीस, महिना उलटला की हप्ता दारात उभा, आणि चार महिन्यांत गाडी तिसऱ्यांदा गॅरेजला. त्यात कुणीतरी म्हणालं असेलच की बाईमाणसानं गाडीच्या फंदात पडावं कशाला. पोरी, त्या बोलण्याकडे लक्ष देऊ नको. दिव्याकडे दे.

पाव्हणे, म्हणजे तुझे मालक, शेजारी होते म्हणून मी फोनवर फार बोलले नाही. आज दुपारी जेवणं उरकली तशी वही घेऊन बसले. सावकाश वाच, आणि कळलं नाही तर परत वाच. यात मोठी विद्या नाही. मी दहावी शिकलेली, सगळं गॅरेजच्या दारात उभी राहून शिकले.

आधी मनातली भीती काढ. मीटरमध्ये लाल दिवा लागला, तेलाच्या किटलीचा किंवा इंजिन तापल्याचा, तर गाडी तिथल्या तिथे कडेला घ्यायची आणि इंजिन बंद करायचं. मग गाव अर्ध्या किलोमीटरवर का असेना. तेलाचा दाब गेला की इंजिन बघता बघता जाम होतं, आणि त्याचं काम निघालं की वर्षाची कमाई त्यात जाते. तुझा दिवा पिवळा, इंजिनाच्या चित्राचा. गाडी नेहमीसारखी चालत असेल तर दूध पोचव, खेप पुरी कर, मग बघ. पण गाडीचा दम गेला, मागून काळा धूर निघायला लागला किंवा आवाज बदलला, तर वजन घेऊन पुढे जाऊ नको. वेटोळ्याच्या चित्राचा दिवा वेगळा, तो हिटरचा. थंडीत सकाळी चावी फिरवली की जरा वेळ लागतो आणि जातो. पेट्रोल किंवा सीएनजीच्या गाडीत इंजिनाचा दिवा उघडमीट करत असेल तर मात्र ओढत नेऊ नये. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन तिथला महागाचा भाग जळतो. तुझी डिझेल आहे, पण शेजारच्या छोट्या हत्तीवाल्याला हे सांगून ठेव.

आता एक काम उद्या सकाळीच कर. चावी फिरव, पण सेल मारू नको. पिवळा दिवा लागला पाहिजे. मग गाडी चालू कर, दिवा गेला पाहिजे. चावी फिरवल्यावर दिवा लागलाच नाही, तर कुणीतरी तो काढलाय किंवा मागून चिकटपट्टी लावलीय असं समज. जुनी गाडी विकताना असले उद्योग होतात. तू गाडी बघायला गेलीस तेव्हा मी सोबत यायला हवं होतं. लग्नसराईत अडकले आणि राहून गेलं, त्याची रुखरुख मला आजही आहे. विकणाऱ्यानं आदल्या दिवशी कोड, म्हणजे गाडीनं आत नोंदवलेले दोषांचे आकडे, पुसून दिले असले तर पहिले काही दिवस दिवा लागत नाही. गाडीला आपल्या तपासण्या पुऱ्या करायला थोडं धावावं लागतं, आणि त्या झाल्या की दिवा पुन्हा येतो. तुला पहिले दहा दिवस काही दिसलं नाही ते बहुधा यामुळेच.

हा दिवा आपल्याकडे तसा नवाच. आमची पहिली पिकअप जुन्या पंपाची होती, तिला ना कॉम्प्युटर ना हा दिवा. मिस्त्री कान लावून ऐकायचा, धुराचा रंग बघायचा आणि सांगायचा. अमेरिकेत १९९६ पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या मोटारींना एकाच पद्धतीचे कोड आणि एकाच आकाराचं सॉकेट आलं. आपल्या देशात प्रदूषणाच्या बीएस-४ नियमाच्या गाड्यांना ही स्वतःची तपासणी करणारी यंत्रणा २०१० पासून आली आणि २०१३ पासून आणखी कडक झाली. पण बीएस-४ तेव्हा मोठ्या शहरांपुरतं होतं. सगळ्या देशाला ते लागू झालं १ एप्रिल २०१७ ला. म्हणून खानदेशातल्या फाट्याफाट्यावरच्या पिकअपांत हा दिवा दिसायला लागून फार वर्षं झाली नाहीत, आणि कितीतरी चांगले मिस्त्री त्याच्याकडे अजून परक्यासारखं बघतात. तुझी गाडी २०१८ सालची, म्हणजे या नव्या पिढीतली जुनी.

आता आमच्यावर काय गुदरलं ते ऐक. ही गोष्ट मी तुला तेव्हा सांगितली नाही, कारण आईच्या कानावर गेली असती.

दिवाळीनंतरचे दिवस होते. कापसाच्या खेपा जिनिंगला चालू, मधून केळी. एका पहाटे तुझे जिजाजी केळीचे कॅरेट भरून सिल्लोडकडे निघाले. वाकोद गेलं, फर्दापूर गेलं आणि अजिंठ्याच्या घाटात गाडीनं मान टाकली. ॲक्सिलरेटर खालपर्यंत दाबला तरी पुढं सरकेना, मागे काळा धूर आणि मीटरमध्ये पिवळा दिवा. पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रडत रडत वर नेली. परतताना रिकामी गाडी छान पळाली. दिवा मात्र तसाच.

पहिल्या गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावला, काहीतरी दाबलं, दिवा गेला. “एरर काढला,” म्हणाला, तीनशे रुपये घेतले. कोणता एरर, हे आम्ही विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. दोन दिवस नेरीमार्गे जळगावच्या सरळ रस्त्यावर गाडी ठीक होती. तिसऱ्या दिवशी घाटात पुन्हा तेच. दुसऱ्या गॅरेजवाल्यानं एक सेन्सर बदलला. दिवा गेला, घाटात परत आला. तिसऱ्यानं गाडी जागेवर उभी करून रेस दिली, कान लावला आणि टर्बो गेलाय म्हणून सांगितलं. त्यानं जो आकडा सांगितला तो ऐकून मी ओसरीत खालीच बसले. त्या रात्री तुझे जिजाजी जेवले नाहीत.

मला झोप येईना, म्हणून हिशोबाची वही काढली. कोणत्या तारखेला कोणती खेप, किती वजन, कुठं नेली, हे मी लिहून ठेवतेच. त्याच पानांवर पेन्सिलीनं दिवा लागल्याच्या दिवशी खूण केली. खुणा झाल्या आणि मी बघतच राहिले. प्रत्येक खुणेच्या दिवशी गाडी भरलेली होती आणि प्रत्येक वेळी घाट होता. भरलेली गाडी जळगावला गेली त्या दिवशी दिवा नाही. रिकामी घाट चढली त्या दिवशीही नाही. बिघाड वजन आणि चढ मिळून येत होता, आणि तिन्ही गॅरेजवाल्यांनी तो रिकाम्या गाडीत, सपाट जागेवर शोधला होता.

ती वही घेऊन आम्ही चौथ्या मिस्त्रीकडे गेलो, एका वयस्कर माणसाकडे. त्यानं आधी वही वाचली. मग स्कॅनर लावला आणि पहिली गोष्ट म्हणाला, “वहिनी, हा कोड लिहून घ्या. मी पुसणार नाही.” पी ०२९९. टर्बो जेवढी हवा दाबून द्यायला पाहिजे तेवढी इंजिनापर्यंत पोचत नाही, असा त्याचा अर्थ. मग त्यानं स्कॅनरमध्ये दुसरं पान उघडलं. कोड नोंदवला गेला त्या क्षणी इंजिन किती फेरे मारत होतं, वेग किती होता, ओझं किती होतं, हे सगळं गाडी स्वतः टिपून ठेवते. मिस्त्रीलोक त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. वेग कमी, ओझं जवळपास पूर्ण. घाटच तो.

त्यानं टर्बोला हात लावला नाही. टॉर्च घेतला आणि टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारा जाड रबरी पाईप वरून खालपर्यंत चाचपत गेला. खालच्या बाजूला, क्लिपेच्या अलीकडे, त्याची बोटं थांबली. हात बाहेर काढला तर बोटांना काळं चिकट तेल आणि त्यावर आपल्या रस्त्याची माती. “बघा,” म्हणाला आणि पाईप जरा वाकवला. रबराला करंगळीएवढी चीर होती. हात काढला की चीर मिटायची, जणू तिथं काही नव्हतंच. रिकाम्या गाडीत दाब कमी, चीर मिटलेली. घाटात दाब चढला की तोंड उघडायचं आणि हवा बाहेर. इंजिनाला आत आलेल्या हवेचं माप कळलेलं असतं, त्या मापानं ते डिझेल सोडतं. हवा वाटेतच निसटली की डिझेल अर्धवट जळतं आणि काळा धूर होतो.

तुला कुकर माहीत आहे ना? रिंग सैल झाली की खाली कितीही मोठा जाळ असो, शिट्टी होत नाही. आपण तेव्हा नवी शेगडी आणत नाही, रिंग बघतो. आमच्या गाडीची रिंग तो पाईप होता. पाईप आणि दोन नव्या क्लिपा, एवढ्यावर काम झालं. टर्बो आजही तोच आहे.

काम झाल्यावरही दिवा लगेच गेला नाही, आणि मी घाबरले. मिस्त्री म्हणाला, थांबा. त्यानं पुसला असता तर गेला असता, पण त्याला खात्री करून घ्यायची होती. दोष मिटला की लागोपाठ तीन वेळा गाडीनं तपासून सगळं ठीक बघितलं म्हणजे दिवा आपोआप जातो. चौथ्या दिवशी सकाळी चावी फिरवली, दिवा लागला, सेल मारला आणि दिवा शांत झाला. कोड मात्र आत बराच काळ राहतो, इंजिन सुमारे ४० वेळा थंडचं गरम होईपर्यंत. म्हणून पुसलेला नसेल तर जुना कोडही पुढच्या मिस्त्रीला कामाला येतो.

यातली एक गोष्ट गाठीला बांध. कोड म्हणजे गाडीची तक्रार. लेकरू पोटात दुखतंय म्हणालं तर आपण लगेच अपेंडिक्स कापत नाही. काय खाल्लं, कधीपासून दुखतं, कुठं दुखतं, हे विचारतो. कोडात सेन्सरचं नाव आलं म्हणून सेन्सर खराब, असं नसतं. सेन्सर खरं सांगत असतो म्हणून तर कोड येतो, बहुतेक वेळा. तुझ्याही दुसऱ्या गॅरेजवाल्यानं जो सेन्सर बदलला, तो जुना परत घेतलास का? नाही ना? यापुढे बदललेला प्रत्येक भाग मागून घ्यायचा. तो आपल्या पैशाचा असतो.

तुझा कोड काय आहे हे तुला माहीत नाही, म्हणून मी अंदाज बांधत नाही. पण आपल्या भागात पिकअपला काय होतं हे मला बघून बघून कळलंय, आणि स्वस्तातलं आधी बघायचं हा माझा नियम आहे.

पहिलं बघायचं डिझेल. डिझेल फिल्टरच्या तळाला पाणी काढायचा एक स्क्रू असतो. पाव्हण्यांना सांग, इंजिन बंद आणि थंड असताना, खाली पाण्याची पारदर्शक बाटली अर्धी कापून धरायची आणि तो जरा सैल करायचा. निघालेलं दहा मिनिटं तसंच ठेवायचं. पाणी असेल तर तळाशी बसतं, वर डिझेल, मध्ये रेघ स्पष्ट दिसते. आमच्या बाटलीत एकदा दोन बोटं पाणी निघालं होतं. पावसाळ्यात टाकीत ओल धरते, टाकी रिकामी ठेवायची सवय असेल तर जास्त. त्यात ड्रायव्हर कॅनमधलं सुटं डिझेल घालतात. पाणी आणि कचऱ्यानं फिल्टर तुंबला की आत डिझेलचा दाब पडतो आणि पी ००८७ ची पाटी लागते. हा कोड बघून काही जण थेट पंप आणि इंजेक्टर उतरवायला निघतात. फिल्टर शेकड्यात येतो, पंप-इंजेक्टर कित्येक हजारांत जातात. आधी फिल्टर, मग बाकीचं.

इथं एक गोष्ट जीव तोडून सांगते. जुन्या गाडीत मिस्त्री चालू इंजिनाच्या डिझेल पायपाचे नट सैल करून कोणतं सिलिंडर मारतंय ते बघायचे. तुझ्या गाडीत असं कुणालाही करू देऊ नको. त्या पायपांत डिझेल हजार बारच्याही वर दाबानं असतं. पिकअपच्या टायरात हवा असते चार-पाच बार, त्यावरून समज. गळती कुठं आहे बघायला कुणी बोट लावलं तर सुईसारखी धार कातडीत घुसते, वरून जखम टिचभर दिसते आणि आत हात सडतो. असं झालंच तर थांबायचं नाही, सरळ मोठ्या दवाखान्यात न्यायचं. पाव्हण्यांना हे मुद्दाम वाचून दाखव.

मग हवेची वाट. तुम्हीही कापूस भरता. कापसाच्या दिवसांत एअर फिल्टर उघडून बघ. आम्ही एकदा झाकण काढलं तर आत गोधडीत भरावी तशी पांढरी रुई बसलेली. तीच रुई रेडिएटरच्या आणि इंटरकूलरच्या जाळीवर बसते. वरून आपली धूळ; हायवेचं काम चाललं होतं त्या वर्षांत तर फाट्यावर समोरचा माणूस दिसायचा नाही. पुस्तकात दिलेल्या किलोमीटरची वाट आपल्या गाड्यांनी बघायची नसते. सुगीत मी दर पंधरा दिवसांनी झाकण उघडायला लावते.

तिसरं म्हणजे पाणी, पण बाहेरचं. तुझा दिवा पहिल्यांदा कधी लागला, आठव. मला वाटतं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. तूच फोटो पाठवला होतास, झेंडूचा हार घातलेली गाडी चकचकीत धुतलेली. इंजिनावर प्रेशरचं पाणी मारलं होतं का, विचार. कपलरमध्ये पाणी शिरलं, पितळेला हिरवं धरलं की सेन्सर आणि कॉम्प्युटरचं बोलणं तुटतं. कपलर काढायचा, सुकवायचा, स्प्रेनं साफ करायचा, घट्ट बसवायचा. हा दहा मिनिटांचा उपाय आहे, आणि कितीतरी सेन्सर या दहा मिनिटांअभावी बदलले गेलेत. पूजेला गाडी पुसायची, इंजिन ओल्या फडक्यानं. त्यानं पूजा काही कमी होत नाही. बॅटरीची टर्मिनलंही बघ, पांढरी बुरशी धरली असेल तर गरम पाण्यानं धुऊन घट्ट कर. विजेचा दाब कमीजास्त झाला की गाडी एकदम चार कोड दाखवते आणि माणूस गांगरतो.

आणि उंदीर. हसू नको. तुमची गाडी सरकीच्या पोत्यांशेजारी उभी असते. गेल्याच्या गेल्या मे महिन्यात आमचा दिवा लागला, कोड पी ०११३. मिस्त्रीनं स्कॅनरवर चालू आकडे लावले. आत येणाऱ्या हवेचं तापमान उणे ४०! बाहेर आमच्या पहूरच्या उन्हात डांबर पाघळत होतं. तार तुटलेली असली की कॉम्प्युटर असाच आकडा दाखवतो, आणि तो आकडाच सांगतो की गाडी गरम-थंड काही नाही, तार शोधा. तार सापडली, उंदरानं कुरतडलेली, दातांच्या खुणा दिसत होत्या. जोडली, टेप मारली, झालं. तेव्हापासून गाडी दोन दिवस उभी राहणार असेल तर आम्ही रात्री बॉनेट उघडं ठेवतो. उंदराला उघड्यावर राहायला आवडत नाही.

ईजीआरचं नाव तुझ्या कानावर पडेल. धुराचा थोडा भाग परत इंजिनात नेणारा व्हॉल्व्ह तो, प्रदूषण कमी करण्यासाठी. दारोदार दूध घेत हळूहळू फिरणाऱ्या, चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या गाडीत त्यात काजळी साचते आणि पी ०४०१ येतो. तो उतरवून साफ करता येतो. कुणी म्हणेल, पत्रा मारून कायमचा बंद करून टाकू. नको. दिवा त्यानं जात नाही, मग तो घालवायला कॉम्प्युटरमध्ये खाडाखोड करतात, आणि पुढे खरा दोष आला तरी गाडी तोंड उघडत नाही. शिवाय तो धूर तुझ्याच अंगणात, तुझ्याच लेकरांच्या नाकात जातो.

कागदाचंही बोलून घेते. पीयूसी नसेल तर कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, आणि डिझेल गाडीची पीयूसी म्हणजे रेस देऊन धुराचा दाटपणा मोजणं. काळा धूर टाकणारी गाडी तिथंच अडकते. मालवाहू गाडीचं पासिंग पहिली ८ वर्षं दर २ वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. तुझी गाडी त्या वयाला आली. दिवा लागलेला घेऊन पासिंगला जायचं नाही.

आता गॅरेजचं. तू जातेस तेव्हा मिस्त्री पाव्हण्यांशी बोलतो आणि तुझ्याकडे बघतही नाही, हे तू मागे म्हणाली होतीस. माझंही तसंच होतं. भांडून काही झालं नाही, वहीनं झालं. आरसी बुकावर तुझं नाव आहे, पैसे तू मोजतेस. शांतपणे म्हणायचं, “दादा, कोड वाचा, पण पुसू नका. मला आकडा लिहून घेऊ द्या.” स्क्रीनचा फोटो काढ. फ्रीझ फ्रेम दाखवा म्हण. भाग बदलायचा म्हणाले तर एकच विचार: हाच खराब आहे हे कशावरून ठरवलं? चांगला मिस्त्री या प्रश्नाला रागावत नाही, उलट खुलतो आणि दाखवायला लागतो. जो रागावतो त्याच्याकडे परत जाऊ नको. आणि ज्यानं अर्धा तास तार शोधली त्याला मजुरी देताना हात आखडू नको. शोधण्याचे पैसे द्यायला आपण कचरतो आणि नव्या सामानाचे मुकाट देतो. म्हणूनच मिस्त्री शोधायचं सोडून सामान बदलतात. यात चूक आपलीही आहे.

अंगठ्याएवढं ब्लूटूथचं स्कॅनर मिळतं, स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला लावायचं आणि मोबाईलवर कोड वाचायचा. तुझ्या भाच्यानं आमच्यासाठी मागवलंय. प्रत्येक पिकअपशी ते बोलतंच असं नाही, तुझ्या गाडीला लागतं का ते बघू. कोडाचं पहिलं अक्षर पी असेल तर तो इंजिन-गिअरबॉक्सचा. त्यापुढे शून्य असेल तर अर्थ सगळ्या कंपन्यांना सारखा, एक असेल तर कंपनीचा स्वतःचा. तो मोबाईलवर भलत्याच गाडीच्या यादीत शोधत बसू नको, त्यानं घोळ होतो.

पूर्वी शेंदुर्णीहून पहूरला यायचं तर पीजे होती. आठवतं, पाचोरा-जामनेरच्या त्या छोट्या गाडीत मामाकडे जाताना तू खिडकीशी बसायचा हट्ट करायचीस? कोरोनात ती बंद झाली आणि माल काय, माणसं काय, सगळा भार या पिकअपांवर आला. तुझ्या एका गाडीच्या भरवशावर पंधरा-वीस घरांचं दूध आहे. ती उभी राहिली की त्यांच्या चुलीपर्यंत झळ जाते. म्हणून मी एवढं लिहिलं.

रविवारी सकाळी गाडी घेऊन ये, दुधाची फेरी झाली की. पण आठच्या आत, इंजिन गार व्हायला मला वेळ हवा. तोवर गाडी कुठल्याही गॅरेजला नेऊ नको आणि कोड कुणाला पुसू देऊ नको. दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर आजपासून लिही: तारीख, किती लिटर दूध किंवा किती वजन, रस्ता चढाचा की सपाट, गाडी थंड होती की तापलेली, डिझेल कधी भरलं, दिवा कधी लागला आणि तेव्हा गाडीनं काय केलं. चार दिवसांचं पुरे. टॉर्च माझ्याकडे आहे, स्कॅनर तुझा भाचा लावेल, मिस्त्रीशी मी बोलून ठेवलंय. तू फक्त ती वही आण, आणि एक रिकामी पाण्याची बाटली.